मनोऱ्याच्या पिक्चरमधला नवरा

शिवपुत्र अण्णांस्नी न्यायला आलाय न्हवं, पावणं? व्हय, वळखलं मी. हातात केळी, अंगावर इस्त्रीचं कापड, आन् कडी वाजवून माडीकडं बघत उभं ऱ्हायल्यालं माणूस आमच्या मंगळवार पेठेत एकाच कामाला येतं. लेकीला स्थळ आलंय, पोरगं बघायला जायचंय, आन् संगं अण्णा पायजेत. न्हाय येणार अण्णा. कडी वाजवून हात दुखवून घेऊ नका. या हिकडं, गिरणीत बसा. लाईट गेलीया म्हणून तुमचं नशीब, न्हायतर ह्या खडखडाटात माझं एक अक्षर ऐकू आलं नसतं. का येणार न्हाईत ते सांगते. माझ्याबी पोटात ऱ्हाईना झालंय. झाल्या गोष्टीपास्नं माझं टाळकं ठिकाणावर न्हाय. परवा एकीच्या जोंधळ्यावर दुसरीचं गहू दळलं आन् दोघींच्याबी शिव्या खाल्ल्या. मी, अक्काताई, जिनं उभ्या पेठेला शिव्या घातल्या, तिनं गप ऐकून घेतल्या.

अण्णांचं घर आन् माझी गिरण, भिंतीला भिंत हाय. ती लिंगायत, आम्ही जैन, पण माझा तवा त्यांच्या चुलीवर आन् त्यांचा खलबत्ता माझ्या कट्ट्यावर, असं सगळं. बायको रत्नव्वा. एकच लेक, शिवलीला, नेसरीला दिल्याली. तिची पोरगी भूमिका हितं आज्जा-आज्जीकडं ऱ्हाऊन इंग्रजीत एम.ए. करती. बास, एवढीच माणसं.

अण्णा तरणेपणी हितल्या एका थेटरात डोअरकीपर होतं. रविवारी सकाळच्या शोला तिथं जुनी इंग्रजी पिक्चरं लागायची. काळी-पांढरी, खुनाची. इंग्रजी तर त्यांच्या बापजन्मात कुणाला आलं न्हवतं. पण दाराशी उभं ऱ्हाऊन एकेक पिक्चर इतक्यांदा बघितला की नटानं कवा डोळा मिचकावला तेबी पाठ. मग थेटर सुटलं आन् इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात लागलं, जॉबर म्हणून. माग बिघडला की दुरुस्त करणारा. तुम्ही कधी मागाच्या शेडमधी गेलाय? एकदम वीस-तीस माग चालत असत्यात. कानाशी तोंड नेऊन वरडलं तरी कळत न्हाय. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच न्हाईत. नुसतं ओठ हलवायचं, भुवई उचलायची. पार त्या टोकाचा माणूस हिकडल्याचं गाऱ्हाणं समजून खुदकन हसतो. अण्णांनी सगळी उमर त्यात काढली. म्हणायचं, "अक्काताई, आवाज खोटं बोलतो. तोंडाला खोटं बोलाय येत न्हाय."

घरात पिक्चर बघायचं तेबी तसंच. आवाज बंद. भूमिकानं मोबाईलवरनं ती सगळी जुनी पिक्चरं टीव्हीवर लावून दिली होती. दुपारचं ऊन तापलं की खिडकीला घोंगडं टांगायचं, अंधार करायचा, आन् अण्णा शेवटपर्यंत कथा सांगायचं. आम्ही बाया समोर. मीबी दळण टाकून जायची की, खोटं कशाला बोलू?

नटांची खरी नावं त्यांस्नी म्हाईत न्हाईत. सगळी त्यांनीच ठेवल्याली. एक झोपाळू. खांदं ह्ये एवढं रुंद, डोळं अर्धं मिटल्यालं, जग बुडालं तरी घाई न्हाय. एक घामट्या. बुटका, गोल डोळ्यांचा, कायम घाबरल्याला. त्याला बघितलं की मला वाटायचं, पदर द्यावा पुसायला. एक सिगारेटवाली. बाप रे, काय बाई! अण्णा म्हणायचं, "बघा आता. काडी पेटली की पैलं तिचं डोळं दिसत्यात, मग तोंड. डोळ्यांत काय हाय ते पैलं बघून घ्या, तोंडाला नंतर भुला, असं तो दाखवणारा सांगतोय." एकदा एका माणसाच्या तोंडावर खिडकीच्या पट्ट्यांची सावली पडली. अण्णा गुडघ्यावर थाप मारून म्हणालं, "त्यानं अजून काय बी केल्यालं न्हाय, पण गजाआड घातला बघा त्याला!" मी म्हटलं, "अण्णा, मला वाटलं पडदा शिवायला कापड कमी पडलं." घरभर हसं. पण खरं सांगते पावणं, त्या दिवसापास्नं मला सावली दिसाय लागली. रस्ता वला कशाला दाखवत्यात, जिन्यावरनं नुसती टोपी गडगडत आली की आपण का दचकतो, सगळं अण्णांनी शिकवलं. रक्ताचा थेंब दाखवायचा न्हाय आन् अंगावर काटा आणायचा. आत्ताच्या पिक्चरमधी बादलीभर रक्त असतंय, मला झोप लागती.

ही तोंड वाचायची खोड जुनी, त्यातनंच ते पोरगं बघायचं सुरू झालं, लीलाच्या लग्नाच्याबी आधी. कुणीतरी एकदा अण्णांस्नी संगं नेलं. अण्णा कोपऱ्यात बसलं, चहा प्यालं, एक अक्षर बोललं न्हाईत. परत येताना रिक्षात म्हणालं, "घामट्या हाय. देऊ नका." पुढं त्या पोराचं दुसरीकडं लफडं निघालं. झालं! पेठेत बोंब झाली की अण्णा तोंड वाचतंय. मग काय, जयसिंगपुरापास्नं निपाणीपर्यंत बोलावणं. "झोपाळू हाय, डोळं झाकून द्या" म्हटलं की साखरपुडा ठरला. पत्रिका मागं, अण्णा पुढं.

त्यांचा सगळ्यात लाडका पिक्चर म्हंजे मनोऱ्याचा. समुद्राकाठी बत्तीचा उंच मनोरा, तिथं नवरा-बायको ऱ्हात्यात. नवरा देखणा, हसरा, बायकोला रोज फुलं आणतो, तिच्या खांद्यावर शाल टाकतो. आन् एक टोपीवाला, कपाळाला आठी, गालावर व्रण, त्या बाईच्या मागं मागं फिरतो. एके दिवशी नवरा तिला समुद्र दाखवाय वर नेतो. भिंतीवर टोपीची सावली पळती. मग वरनं नुसती तिची शाल तरंगत खाली येती. संपली बाई. पोलीस टोपीवाल्याला जिन्यावर गोळी घालत्यात. शेवटाला नवरा एकटा उभा ऱ्हाऊन सिगारेट पेटवतो, आन् हसतो. अण्णांच्या डोळ्यांत दर खेपंला पाणी. "बिचारा! रडू फुटंना झालंय म्हणून हसतोय. असला नट पुन्हा होणे न्हाय." आम्हीबी पदर डोळ्याला लावायचो.

शिवलीलाला नेसरीचं स्थळ आलं, तवा अण्णांनी महांतेशला बघितलं आन् दारातच म्हणालं, "मनोऱ्याचा नवरा हाय की हो! सोनं हाय. द्या." दिली.

आन् पोरगं तसंच होतं, पावणं! कधी आलं तर हातात पेढं. पाया पडायचं. माझं पोतं उचलून आत ठेवायचं. "काय अक्काताई, बरं हाय न्हवं?" तोंडातनं साखर सांडायची. पेठेतल्या बाया लेकींस्नी म्हणायच्या, नवरा मिळावा तर लीलाच्यागत. शिवलीलाच तेवढी बदलली. माहेरला आली की कोपरा धरून बसायची, कायम एकाच भिंतीला. हाक मारली तर वळायची न्हाय. रत्नव्वा कुरकुरायची, "सासरला सुख लागलं, लेक माजली. आईच्या हाकेला ओ द्यायचं जड झालंय तिला."

आता भूमिकाचं ऐका, कारण सगळं घोडं तिथंच आडलं. पोरीनं आपणच एक पोरगं पसंत केलं, रुद्रेश. शिरोलीला फौंड्रीत कामाला हाय. त्यांच्यातलंच, घर चांगलं, शिकल्यालं. घेऊन आली आज्जाला दाखवाय. अण्णांनी बघितलं आन् तोंड फिरवलं. कपाळाला आठी, डोळं बारीक, हसायचं नाव न्हाय. ते गेल्यावर एकच शब्द. "टोपीवाला."

भूमिका रडली, भांडली, जेवली न्हाय. अण्णा ढिम्म. "मी त्या पोराला पन्नास वर्षं वळखतोय. मनोऱ्यावरनं ढकलंल तुला." रुद्रेशच्या घरचं म्हणालं, रविवारी सांजच्याला व्हय का न्हाय ते सांगा, आमालाबी दुसरीकडं बघायचंय. शिवलीलाला नेसरीहून बोलावून घेतलं. एकटीच आली.

रविवारी जेवणं झाली आन् भूमिका म्हणाली, "आज्जा, संध्याकाळी न्हाय म्हणायचं तर म्हणा. पण त्याआधी एकदा मनोऱ्याचा पिक्चर बघा. मी खाली मराठीत लिहिलंय, कोण काय बोलतंय ते." महिनाभर बसली होती म्हणं पोरगी त्या कामाला.

अण्णा हसलं. "मला काय लिवून दावतीस? मी सांगतो की तुला." पण पिक्चर म्हटल्यावर न्हाय कशाला म्हणतील? घोंगडं टांगलं. आम्ही बसलो. शिवलीला तिच्या भिंतीला. आवाज नेहमीगत बंद.

पैल्यांदा अण्णांचं डोळं नटांच्या तोंडावरनं खाली उतरल्यालं मी बघितलं. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत वाचत होतं. टोपीवाला त्या बाईला बाजारात गाठतो न्हवं, तिथं अण्णा कायम सांगायचं, "बघा, धमकी देतोय." खाली काय लिवलेलं? "बाई, त्या घरात परत जाऊ नका. तुमच्या आधी माझी बहीण तिथं नांदत होती."

मी म्हटलं, "अगं बाई!"

अण्णा म्हणालं, "चूक लिवलंय."

पुढं नवरा शाल पांघरतो. ती शाल बघून मी किती खेपा म्हटलंय, काय माया हाय! खाली आलं, "तुझ्या बहिणीला लिहू नकोस. तुझी सगळी पत्रं मीच टाकत जाईन." आन् हसला. तेच हसू, पावणं. ते हसू मला पाठ होतं. पण आता ते बघवंना. बसल्या जागी मी रत्नव्वाचा हात धरला. अंधारात रत्नव्वा म्हणाली, "लिले, तांब्या दे गं." लीला हलली न्हाय. "लिले!" न्हायच. "बघितलंसा अक्काताई, माजलीया," म्हणून तिनंच उठून घेतला.

मग मनोरा. नवरा म्हणतो, "वर ये, समुद्र बघ." टोपीची सावली जिन्यावर पळती. पन्नास वर्षं अण्णांनी, आन् त्यांच्यामागं आम्ही, ती सावली मारेकऱ्याची धरली, आन् तो बिचारा खालनं वरडत होता, "बाई, खाली या! खाली या!" वाचवाय पळत होता हो तो! शाल तरंगत आली. पोलिसांनी त्यालाच गोळी घातली. आम्ही दर खेपंला म्हणायचो, बरं झालं मेला. त्या दिवशी मला तोंडात मारल्यागत झालं. शेवटाला पोलीस म्हणतो, "साहेब, तुमच्यावर फार वाईट वेळ आली." नवरा सिगारेट पेटवतो. अण्णांचा तो बिचारा. खाली आलं, "सवय आहे मला."

आन् हसला.

अण्णांनी बोटानं खूण केली, परत. भूमिकानं शेवट परत लावला. "सवय आहे मला." परत. तिसऱ्यांदा अण्णा म्हणालं, "हितंच थांबीव." टीव्हीवर त्या नवऱ्याचं हसरं तोंड तसंच ऱ्हायलं.

"खोटं न्हाय न्हवं लिवलंस, पोरी?"

"आज्जा, आमच्या मॅडमनी तपासलंय. शब्दन् शब्द."

अण्णा म्हणालं, "काय नट हाय! आरं, काय नट हाय! मला फसीवलं! पन्नास वर्षं मला फसीवलं त्यानं!" राग न्हवता त्यात. डोळं ह्ये एवढं झालं होतं. रत्नव्वानं सुस्कारा सोडला, "दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं." मी म्हटलं, "रत्नव्वा, फुकटची कीर्तनं नकोत, ते घोंगडं काढा आधी, जीव गुदमरला." तिनं काढलं. लख्ख उजेड आला. जरा बरं वाटलं. आन् मला बाई चेष्टेची लहर आली. माझ्या जिभेला हाड कुठं हाय? म्हटलं, "अण्णा, आता टोपीवाल्याला पोरगी द्या. पण तुमच्या जावयाचं काय करायचं? त्याला तर मनोऱ्याचा नवरा म्हणालेलासा की!"

रत्नव्वा हसली. मी हसले. भूमिका हसली न्हाय. शिवलीलानं आमच्याकडं बघितलं, आईकडं, माझ्याकडं, मग हसली.

अण्णांचं हसू मात्र ओठावरच थांबलं. लेकीकडं बघायला लागलं. असं बघायला लागलं की मी हसायची थांबले. त्यांनी खुर्ची वढली आन् लीलाच्या समोर, चार हातांवर बसलं. ओठ हलवलं. आवाज न्हाय. अजिबात न्हाय. मी शेजारी होते, मला काय बी ऐकू आलं न्हाय.

शिवलीला म्हणाली, "व्हय, जेवले की मगाशी."

रत्नव्वा म्हणाली, "कुणाला सांगतीस गं?"

अण्णांनी परत ओठ हलवलं. शिवलीलाचं तोंड पांढरं पडलं, पीठ फासल्यागत. तिचा हात हळूहळू वर गेला. डाव्या कानावर. वरनं पदर घेतला तिनं.

मला अजून कळंना झालं होतं, पावणं. मी मठ्ठ. मला वाटलं, बाप-लेक काय खेळ करत्यात. अण्णांनी तिसऱ्यांदा इचारलं. तो शब्द मात्र मला वाचता आला, एवढा सोपा होता. "कुणी?"

तिनं नुसतं टीव्हीकडं बघितलं. त्या हसऱ्या तोंडाकडं.

आई अंबाबाई! रत्नव्वानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरच्या गल्लीतली माणसं दारात आली. पेढं देणारा हात! माझं पोतं उचलणारा हात! मी डोळ्यांपुढं आणाय बघते तर मला हसूच दिसतंय त्याचं.

"लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी," शिवलीला म्हणाली. "भाकरी करपली होती. मग तो कान गेला. उजव्यानं अर्धंमुर्धं येतंय. माणसाचं तोंड दिसलं की कळतंय मला."

भूमिका रडत म्हणाली, "मला म्हाईत होतं, आज्जा. आईनं शपथ घातली होती. बोलाय येत न्हवतं म्हणून लिहिलं मी. म्हटलं, पिक्चर तरी वाचाल."

अण्णा म्हणालं, "शेडमधी असली माणसं मी पैल्या दिवशी वळखायचो. बहिरं माणूस सगळ्यांचं बघून शेवटाला हसतंय. भिंतीला एक बाजू देऊन बसतंय. नव्या कामगाराला मी सांगायचो, ह्याच्याशी ह्या अंगानं बोल. आन् माझी लेक. माझी लेक माझ्या समोर बसत होती." मग एकदम वरडलं, "बोलली का न्हाईस मला? मी मेलो होतो?"

त्यावर शिवलीला जे बोलली ते मला रोज दळताना ऐकू येतंय. म्हणाली, "तुम्ही सोनं म्हणालासा, अण्णा. तुमचं कधी चुकत न्हाय म्हणतंय सगळं गाव. मला वाटलं, सोन्यासंगं मलाच नांदाय येत न्हाय."

अण्णा लहान पोरागत रडलं. मीबी रडले. पदर पुरंना.

सांजच्याला रुद्रेश आला, घरच्यांस्नी घेऊन. आम्हा जैनांचं दिवस मावळायच्या आत जेवण, पण त्या दिवशी मला घास कुठनं जाणार? तिथंच बसले होते. पोरगं तसंच, कपाळाला आठी घालून. अण्णा म्हणालं, "बाळा, तोंड असं का करतोस रं?" ते गोंधळलं. म्हणालं, "भट्टीसमोर काम असतंय आज्जा. सारखं डोळं बारीक करून सवय लागलीया. लोकं म्हणत्यात, पण जाईना." एवढंच. एवढ्याशा गोष्टीपायी पोरीचं लग्न मोडत होतं! अण्णांनी हात जोडलं. "मी तुला बघून चुकलो. आता मी बघणार न्हाय. भूमिके, तू सांग." भूमिकानं व्हय म्हटलं. पेढं आमच्यातलं कुणी खाल्लं न्हाय, पावण्यांस्नीच दिलं.

आन् दुसऱ्या दिवशी सकाळी महांतेश आला लीलाला न्यायला.

गिरणी चालू होती. दारात दोन बाया डबं घेऊन उभ्या. ते आलं, नेहमीगत हसत, हातात पेढ्याचा बॉक्स. अण्णा दारात उभं ऱ्हायलं. ते पाया पडाय वाकलं, अण्णांनी पाय मागं घेतलं. म्हणालं, "जावईबापू, जरा उजेडात उभं ऱ्हावा." ते उभं ऱ्हायलं. अण्णांनी त्याचं तोंड बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणालं, "अजूनबी दिसंना मला. सगळं म्हाईत असूनबी दिसंना. कुठं ठेवलंय ते तुम्ही?"

"काय मामा?" त्यानं इचारलं. हसतच.

तवर शिवलीला बाहेर आली. त्या पोरीचा आवाज मी कधी मोठा ऐकल्याला न्हाय. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत न्हाय म्हणून ती भीत भीत बारीक बोलायची, हे मला आत्ता कळतंय. त्या दिवशी तिनं भीड सोडली. गिरणी चालू असताना, तो खडखडाट फोडून, सगळ्या गल्लीला ऐकू आलं. "मी येणार न्हाय! माझा कान फोडलासा तुम्ही! मी येणार न्हाय!"

मी पट्टा बंद केला. सगळी माणसं महांतेशकडं बघाय लागली. मी म्हटलं, आता तरी तोंड उतरंल. आता तरी चवताळून काय तरी बोलंल. न्हाय हो! ते हसू हललं न्हाय. केसाएवढं हललं न्हाय. त्यानं पेढ्याचा बॉक्स पायरीवर ठेवला, हात झाडलं, आन् जाता जाता माझ्या दारात थांबून म्हणाला, "काय अक्काताई, बरं हाय न्हवं?"

आन् पावणं, माझ्या ह्या तोंडातनं, सगळं म्हाईत असताना, आदल्या दिवशी रडून डोळं सुजवल्याल्या ह्या बाईच्या तोंडातनं काय निघालं म्हाईत हाय? "व्हय की. या परत."

सवयीनं गेलं. दारातनं माणूस निघालं की आपण म्हणतोच. पण मी हसूनबी म्हटलं! तो गेल्यावर मला कळलं, माझं तोंड अजून हसतंय. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शिवलीला पायरीवर उभी होती, तिचं डोळं त्याच्या पाठीवर होतं आन् मी तिच्या डाव्या अंगाला होते, म्हणून तिला ते ऐकू गेलं न्हाय. देवानं वाचवलं मला.

आता ती हितंच असती. तो पिक्चर अण्णांनी परत लावला न्हाय, बाकीची भूमिका लिवून देईल तशी लावत्यात. आवाज मोठा करून, खालची अक्षरं वाचत. लीला अण्णांच्या डाव्या अंगाला बसती, उजवा कान त्यांच्याकडं करून. पोरं बघायला मात्र ते कुणासंगंबी जात न्हाईत, तुम्ही लाख रुपयं ठेवलासा तरी. घरी जावा आन् तुमच्या लेकीलाच इचारा. उजेडात बसवून इचारा.

लाईट आली बघा. मला दळायचंय, उठा. केळी घेऊन जावा. आन् राग मानू नका, पावणं, निघताना मी तुम्हास्नी काय बी म्हणणार न्हाय.